सव्वीस सिनेमे, अकरा वाक्यं

आमच्या शशिकांतना दुसऱ्याचं वाक्य अर्धवट राहिलेलं बघवत नाही. समोरचा माणूस "मला वाटतं की..." म्हणून श्वास घ्यायला थांबला, की हे पुढचं वाक्य त्याच्या हातात ठेवतात, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तितक्या अदबीने. जी.पी.च्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनिस्टला देतात, कचऱ्याचा बिन न्यायला आलेल्या माणसाला देतात, टेलीवर बातम्या सांगणाऱ्या बाईलाही देतात. आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यातली माझी स्वतःची, पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोचलेली वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील.

दोष त्यांचा नाही, कलेचा आहे. पोटापाण्यासाठी ते हीथ्रोवर सामानाच्या पट्ट्यांची देखभाल करायचे, पण खरी कला इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत प्रॉम्प्टिंगची. अठ्ठावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून त्यांनी अर्ध्या लंडनच्या मराठी नटांना बोलतं ठेवलं. आमचे दादासाहेब तर चौदा वर्षं एकही ओळ पाठ न करता नायकाची कामं करत होते. शशिकांतनी कुजबुजायचं, दादासाहेबांनी गर्जायचं. दादासाहेबांना दोनदा उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक मिळालं. दोन्ही वेळा त्यांनी आभाराच्या भाषणात विंगेकडे बघितलं, ते कृतज्ञतेने नव्हे. पुढचं वाक्य हवं होतं म्हणून.

मी स्वतः कार्गो शेडमध्ये एकतीस वर्षं काढली. काम एकच: माल आला किती, गेला किती, वाटेत फुटला किती. रिटायर झाल्यावर शेड सुटली, सवय सुटली नाही. आता माणसांकडे तशी बघते.

बेरिल ताम आमच्या सेमी-डिटॅच्डच्या, म्हणजे मधली भिंत सामाईक असलेल्या जोडघराच्या, दुसऱ्या अर्ध्या भागात राहायला आली त्याला आता चार वर्षं होतील. हाँगकाँगहून पुष्कळ कुटुंबं इकडे आली, त्यांतली ही एक. वय बासष्ट, केस आखूड, चालणं ताठ. पहिले सहा महिने मला ती लायब्ररीतून रिटायर झालेली बाई वाटायची. मग एकदा आम्ही दोघी हाय स्ट्रीटवरच्या बस स्टॉपवर उभ्या होतो. पन्नाशीचा एक चिनी गृहस्थ तिच्याकडे बघत राहिला, त्याने हातातल्या दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि भर रस्त्यात गायला लागला. एक कडवं झाल्यावर रडायला लागला. बेरिलने त्याच्या खांद्यावर थोपटलं, त्याच्या बायकोबरोबर फोटो काढला आणि आमची बस चुकली.

"ओळखीचा होता?" मी विचारलं.

"नाही गं. मी पूर्वी गायचे," ती म्हणाली, कुणी 'मी पूर्वी बॅडमिंटन खेळायचे' म्हणावं तसं.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालतं, पण ती इंग्रजीत बोलली तरी मला मराठीतच ऐकू येते, म्हणून तसंच लिहिते.

तर ती पूर्वी गायची, म्हणजे तिकडे घरोघर ऐकलं जायचं अशी गायची. आणि गाणं चाललं म्हटल्यावर सिनेमावाले दारात आले. नऊ वर्षांत सव्वीस सिनेमे. ते सगळे तिच्याकडे डी.व्ही.डी.वर होते. मग दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या फ्रंट रूममध्ये एक सिनेमा, असं सहा-सात महिने चाललं. खाली इंग्रजीत अक्षरं यायची, ती शशिकांत मोठ्याने वाचायचे. मी माझ्या परीने नोंद ठेवली. लग्नं सात, त्यांतली मोडलेली पाच. बुडून मृत्यू दोन. एकदा भुताच्या प्रेमात, एकदा स्वतः भूत. पोलीस इन्स्पेक्टर तीनदा, आणि तिन्ही वेळा गुन्हेगार हा तिचाच भाऊ.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी म्हटलं, "बेरिल, तरुणपणी आवाज केवढा चिरका होता गं तुझा!"

"तो माझा नाही."

"मग मागच्या रविवारचा? घोगरा?"

"तोही नाही. पुढच्या रविवारचाही नसेल, आधीच सांगते."

मग तिने सगळं सांगितलं. त्या काळी तिकडचे बहुतेक सिनेमे मुकेच शूट व्हायचे. सेटवर पंखे चालू, बाहेर रस्ता चालू, दिग्दर्शकाच्या शिव्या चालू. नटांनी नुसते ओठ हलवायचे, आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. आणि भरणारी माणसं वेगळीच. गायिकेला तिथे जाऊन बसायला वेळ कुठून असणार? सकाळी एका सिनेमाचं शूटिंग, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी कार्यक्रम. संवाद पाठ नसला की दिग्दर्शक सांगायचा, आकडे म्हण. बेरिल आकडे म्हणायची.

"तो हॉस्पिटलमधला सीन आठवतो? तू रुमाल काढला होतास तो?" ती म्हणाली. "त्यात मी एकपासून चौतीसपर्यंत मोजलंय."

मोजणारी बाई म्हणून ती मला तेव्हा फार जवळची वाटली.

गंमत अशी की गाणी मात्र तिचीच असायची. म्हणजे बाई बोलतेय एका आवाजात, आणि मधेच खिडकीशी जाऊन गातेय भलत्याच आवाजात. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"आपल्याकडे बरोबर उलटं," शशिकांत म्हणाले. "आपल्याकडे नटी बोलते स्वतःच्या..."

"आणि गाते दुसरीच्या," मी म्हणून टाकलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं वाक्य पळवलं. ते बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होते.

एका सिनेमाच्या वेळी आवाज देणाऱ्या बाईला सर्दी झाली होती. सिनेमा लागल्यावर बेरिलच्या घरी लोकांनी काढ्याच्या पुड्या पाठवल्या, चार खोकी भरून. "मी ठणठणीत होते," बेरिल म्हणाली. "पण लोकांना कसं सांगणार की आजारी कोण आहे ते मलाही माहीत नाही?" हे ती हसत हसत सांगत होती. मग डी.व्ही.डी. डबीत घालताना सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "मला एकदा, एकदाच, पडद्यावर स्वतःच्या आवाजात बोलायचंय, यमुना. मग मेले तरी चालेल. मरायची तर सवयच आहे."

मरायची सवय तिला इथे येऊनही सुटली नव्हती. पॉला नावाची एक एजंट तिने गाठली होती आणि तीन वर्षांत तिला ब्रिटिश टेलीवर पाच कामं मिळाली होती. प्रेत, दोनदा. बेशुद्ध पेशंट, एकदा. टेकअवेच्या काउंटरमागे पिशवीला गाठ मारणारी बाई, एकदा. नाणं टाकून कपडे धुवायच्या लाँड्रेटमध्ये पाठमोरी बसलेली, एकदा. बोललेली वाक्यं: शून्य. पाठमोऱ्या कामाबद्दल आमचे हे म्हणाले, "पाठ मात्र फार बोलकी होती." बेरिलने त्यांना त्या दिवशी केक दिला नाही.

यंदा मार्चमधल्या एका शुक्रवारी ती धावतच आमच्याकडे आली, घरातल्या सपातांवर. पॉलाचा मेल आला होता. एका मालिकेत मिसेस फंग नावाच्या विधवेचं काम आहे, तीन सीन, अकरा वाक्यं. रविवारी दुपारी बाराच्या आत सेल्फ-टेप पाठवायची. सेल्फ-टेप म्हणजे हल्लीची ऑडिशन. कुणाच्या ऑफिसात जाऊन उभं राहायचं नाही. साध्या भिंतीसमोर बसून फोनवर आपलंच शूटिंग करायचं आणि पाठवून द्यायचं. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कॅमेऱ्यामागे एक माणूस लागतो. त्याने दिसायचं नाही, अभिनय करायचा नाही, नुसतं सपाट वाचायचं.

"माझी मुलगी वाचणार होती," बेरिल म्हणाली, "पण तिची कार्डिफच्या हॉस्पिटलात शनिवार-रविवार ड्यूटी आहे. तेव्हा आता..."

"मी वाचतो," शशिकांत म्हणाले. वाचायचा चष्मा त्यांनी तोवर लावलासुद्धा होता.

शनिवारी सकाळी आमच्या फ्रंट रूमचा स्टुडिओ झाला. पुस्तकांच्या कपाटावर मी करडी चादर लावली. पिठाचे दोन डबे एकावर एक ठेवले, त्यावर पोळपाट उभा केला आणि पोळपाटाला टेकून फोन. बेरिल खुर्चीत बसली. शशिकांत फोनच्या अगदी शेजारी स्टुलावर, कागद हातात, पाठ सरळ. निवृत्तीनंतर इतके तरतरीत ते मला दिसले नव्हते.

सीन साधा होता. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस मिसेस फंगच्या घरी येतो आणि विचारतो, नवऱ्याच्या सामानाचं काय करायचं ठरवलंय? कंसात लिहिलेलं: ती थांबते. मग ती म्हणते, "त्याचे बूट अजून दारात आहेत. मी रोज त्यांना वळसा घालून जाते."

पहिल्या टेकला शशिकांतनी तो प्रश्न असा विचारला की मी हातातला मोबाइल घट्ट धरला आणि मग लक्षात आलं की मोबाइल पोळपाटावर आहे, मी धरलाय तो रिमोट.

"अहो, कौन्सिलचा माणूस आहे तो. किल्ला घ्यायला नाही आलेला."

"भावना नको?"

"नको! सपाट. पॉलाने लिहिलंय, सपाट."

"सपाट वाचलं तर समोरच्याला उचल कशी मिळणार?"

"मिस्टर शशी," बेरिल म्हणाली, "बॅटरीचा सेल बदलायचाय का, असं समजून विचारा."

दुसऱ्या टेकला त्यांनी बॅटरीचा सेल बदलायचाय असं विचारलं, पण मोठ्या दुःखाने.

तिसऱ्यापासून खरी पंचाईत सुरू झाली. ते नीट विचारायचे. बेरिल थांबायची. डोळे हळूच दाराकडे न्यायची, चेहऱ्यावर काहीतरी यायला लागायचं आणि तेवढ्यात स्टुलावरून कुजबुज यायची, "हिज शूज..."

"अहो!"

"अडकल्या ना त्या."

"अडकली नव्हती. थांबली होती. लिहिलंय तसं, कंसात."

"थांबते म्हणजे किती थांबते? आकडा दिलाय का?"

"वाटेल तितकं!"

"वाटेल तितकं," ते म्हणाले. एखाद्याला उधारीवर विमान द्या म्हटल्यावर तो जसं म्हणेल, तसं. "यमुना, तीन सेकंदांच्या वर माणूस थांबला की प्रेक्षक खोकायला लागतात. मला विचार."

चौथ्या टेकला त्यांनी अडीच सेकंद धीर धरला. पाचव्याला चार. सहाव्याला कागद तोंडावर धरून बसले, तर कागदाआडून "शूज" एवढंच आलं. आम्ही तिघेही हसत होतो, अजून.

सातव्या टेकला बेरिल खरंच विसरली. सकाळपासून तेच तेच म्हणून वाक्य डोक्यातून निसटलं असावं. आणि निसटल्यावर तिने काय केलं, तर नऊ वर्षांच्या सवयीने जे केलं असतं तेच. चेहरा तसाच ठेवला, डोळ्यांत पाणी तसंच, आणि ओठ हलवत राहिली. आवाज नाही. मला कळलं, ती आकडे म्हणतेय.

शशिकांतना समोर फक्त हलणारे ओठ दिसले, आणि वाक्य कुठेच नाही. अठ्ठावीस वर्षांची कला धावून आली. त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं, सावकाश, एकेका शब्दाला ओठ बघून, इकडे थांबले, तिकडे ओढलं. पुण्यात शिकलेल्या आणि हाउन्सलोत मुरलेल्या त्यांच्या इंग्रजीत, खर्जात.

मी लगेच फोन उचलून लावून बघितलं. पडद्यावर बेरिलचा सुंदर, कोसळायला आलेला चेहरा, आणि त्यातून आमच्या ह्यांचा आवाज: त्याचे बूट अजून दारात आहेत. एकही अक्षर मागेपुढे नाही. मी इतकी हसले की डब्यावरचा पोळपाट खाली पडला.

बेरिल हसली नाही. तिने ते पूर्ण बघितलं. फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा बघितलं. मग आपले दोन कागद घडी करून खिशात घातले.

"थँक यू, मिस्टर शशी," ती म्हणाली. "सत्तावीस."

आणि गेली. बाहेरचं दार तिने इतकं हळू लावलं की आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी शशिकांत एका पोळीवर उठले.

"मी मदत केली," ते म्हणाले.

"हो ना. तिला आजवर सगळ्यांनी मदतच केली आहे."

ते ताटाकडे बघत राहिले. घरावरून एक विमान गेलं, मग दुसरं गेलं. मी पुढचं वाक्य देऊ शकले असते, दिलं नाही.

"अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही प्रयोगात कुणी स्टेजवर गप्प उभं राहिलं नाही, यमुना."

"ठाऊक आहे."

"राहिलं असतं तर काय झालं असतं?"

"कसं सांगू? तुम्ही कधी होऊच दिलं नाहीत."

त्यावर त्यांनी दोघांची ताटं घासायला घेतली.

रविवारी नऊ वाजता मी बेरिलचं दार वाजवलं. दुपारी बारापर्यंत टेप गेली नाही तर मिसेस फंग दुसरी कुणीतरी होणार होती, आणि बेरिल पुन्हा पुढच्या प्रेताची वाट बघणार होती. ती ड्रेसिंग गाउनमध्येच होती.

"चल, मी वाचते," मी म्हटलं.

"तुला येईल?"

"सपाट वाचायचंय ना? एकतीस वर्षं काय केलं मी?"

आली. पुन्हा चादर, डबे, पोळपाट. शशिकांत स्वयंपाकघरात गेले आणि आतून दार लावून घेतलं, पथ्यावर असलेला माणूस लग्नघरातून उठून जावा तसं. मी मिसेस फंगला नवऱ्याच्या सामानाबद्दल विचारलं. दोन टेक झाले. दोन्हींत बेरिलने प्रत्येक शब्द बरोबर म्हटला, आणि दोन्हींत ती बस चुकू नये म्हणून निघालेल्या बाईसारखी वाटली.

"काय बिघडतंय?" मी विचारलं.

"रागावू नकोस, पण तू माझ्याकडे बघतच नाहीस. तू घड्याळ बघतेस. मी थांबले की किती थांबले ते मोजतेस."

हे खोटं म्हणता आलं नाही. एकदा सहा सेकंद, एकदा सात.

ती स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघायला लागली. मग म्हणाली, "त्यांना बोलाव."

"कुणाला? ह्यांना? काल एवढं होऊन?"

"सव्वीस सिनेमांत समोरचा नट माझ्याकडे कधी बघत नसे, यमुना. त्याला माहीत असायचं, मी काही बोलणार नाहीये. तोही आकडेच म्हणायचा. आणि काल हा माणूस..." ती थांबली. "माझ्या तोंडातून शब्द यावा म्हणून एवढं कासावीस होऊन आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही. मला ते डोळे हवेत. फक्त तोंड बंद हवं."

शशिकांत आतमध्ये धुतलेली कपबशी पुन्हा धूत होते. सगळं ऐकलं होतं, हे उघडच होतं. बाहेर आले, बेरिलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काल माझी चूक..." आणि तिथेच अडकले. मी आणि बेरिल दोघीही गप्प राहिलो. त्यांना ते वाक्य स्वतःच ओढत आणावं लागलं. "...झाली. ती मदत नव्हती."

"बसा," बेरिल म्हणाली.

"बसतो, पण माझा मला भरवसा नाही." ते परत आत गेले आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. "माझं वाक्य झालं की मी मोठा घोट घेणार. गिळणार नाही. तुमचं वाक्य होईपर्यंत नाही. तोंडात पाणी असल्यावर कोण काय बोलणार?"

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी फोन चालू केला आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.

शशिकांतनी विचारलं, नवऱ्याच्या सामानाचं काय करायचं ठरवलंय? सपाट. देवाशपथ सपाट. मग ग्लास उचलला आणि घोट घेतला, तोही त्यांच्या स्वभावाप्रमाणे जरा जास्तच. दोन्ही गाल फुगले.

बेरिल थांबली.

घड्याळ बघत नव्हते म्हणून सांगता येत नाही, पण पुष्कळ थांबली. मी ह्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे मोठे होत चालले. भुवया वर गेल्या. मान पुढे आली, चढावर बंद पडलेली गाडी एकटा माणूस ढकलतो तशी. बेरिलचे ओठ किंचित हलले, आवाज नाही. ह्यांची एक भुवई तिथून आणखी वर गेली, जिथे भुवईला जागा नसते. हनुवटीवरून एक थेंब ओघळला आणि शर्टात गेला. ते हलले नाहीत.

बेरिलच्या ओठांचा एक कोपरा थरथरला. मला वाटलं, रडते. रडत नव्हती, तिला हसू येत होतं. ती ते दाबत होती आणि ते नाकातून बाहेर पडत होतं. तशीच, हसताना, ती म्हणाली, "त्याचे बूट अजून दारात आहेत." आणि ते म्हणून झाल्यावर हसू जागच्या जागी राहिलं आणि चेहरा त्याच्याखालून निघून गेला. "मी रोज त्यांना वळसा घालून जाते."

आवाज खालचा होता, थोडा खरखरीत, कडांना कँटोनीज हेल. मी चार वर्षं रोज ऐकलेला आवाज, बिनच्या दिवसाची आठवण करून देणारा, भिंतीपलीकडून शिंकणारा. तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

उरलेली वाक्यं घरंगळत आली. शेवटचं झालं आणि शशिकांत उठून सिंककडे धावले. इतक्या वेळाने त्यांना गिळताही येत नव्हतं.

"हीच पाठवायची," बेरिल म्हणाली.

"पण तुम्ही हसलात," शशिकांत तोंड पुसत म्हणाले. "हसायचं लिहिलेलं नाही. नवरा गेल्यावर बाई हसते का?"

"नवऱ्यावर आहे ते," मी म्हटलं.

पावणेबाराला टेप गेली.

दहा दिवस बेरिलने बागेतलं गवत तीनदा कापलं. अकराव्या दिवशी पॉलाचा फोन आला. काम मिळालं होतं. मे महिन्यात कार्डिफला शूटिंग झालं, मुलीकडे राहून बेरिल चार दिवसांत परत आली. कसं झालं विचारलं तर म्हणाली, सेटवर इतकी शांतता ठेवतात की पहिल्या दिवशी तिला वाटलं, कुणी गेलंय की काय. कपड्यांत मायक्रोफोन खोचला होता. तो खोचणाऱ्या मुलीला तिने दोनदा विचारलं, हे चालू आहे ना?

ऑक्टोबरात तो भाग लागला. रात्री एकटीने बघायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे आली. अकरा वाक्यांपैकी पडद्यावर सात पोचली, चार वाटेत गहाळ. बुटांचं शाबूत होतं, हसण्यासकट. समोर कौन्सिलचा माणूस झालेला नट चांगला देखणा होता आणि मन लावून तिच्याकडे बघत होता.

सीन संपला. मी थांबवलं. आम्ही दोघे बेरिलकडे बघत होतो. ती पुढे वाकून बसली होती, हात गुडघ्यांत.

"हा माझा आवाज?"

"हो."

"असा? एवढा जाड?"

"असाच आहे," मी म्हटलं.

"बाई गं." ती मागे रेलली. "त्या काळी उगाच नाही दुसऱ्या बायका ठेवत होते."

शशिकांतनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग बेरिलने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

"फक्त तपासून बघते," ती म्हणाली, आणि सीन मागे नेला.

तिने तो दुसऱ्यांदा तपासला, तिसऱ्यांदा तपासला. चौथ्यांदा आवाज वाढवून तपासला. पाचव्या वेळी ती पडद्यावरच्या मिसेस फंगबरोबर मोठ्याने बोलत होती, वाक्याच्या किंचित आधीच, आणि मी चहा टाकायला उठले.